काढता येईल असे बसवावे

दाराची बिजागरी सैल झाली आणि स्क्रू नुसताच गरगर फिरू लागला, की आपल्याकडे घरोघरी एकच उपाय योजला जातो. आगपेटीतील दोन काड्या त्या भोकात खुपसावयाच्या, वर उरलेला भाग मोडून टाकावयाचा आणि स्क्रू पुन्हा आवळावयाचा. दार बसते, घरातील मंडळींना हायसे वाटते आणि दोन-चार महिन्यांनी तेच दार पुन्हा कुरकुरू लागते. वाचकहो, आपणांपैकी बहुतेकांनी हा उपाय केव्हा ना केव्हा केला असेल. त्यात गैर असे काही नाही. कपाटाचे दार निखळले तर फार तर चार कपडे खाली पडतील. परंतु तेच भोक होडीच्या तळाशी असेल, वर माणसे बसली असतील आणि खाली दोन पुरुष पाणी असेल, तर काडीच्या त्या उपायाकडे पुन्हा एकदा नीट पाहावे लागते.

मी पेशाने भाषांतरकार. बी. ए. झाल्यापासून दिल्लीत बसून दुसऱ्यांची वाक्ये आपल्या भाषेत आणावयाची आणि आणलेली तपासावयाची, हा माझा नित्याचा उद्योग. होडीच्या दुरुस्तीवर मी लिहावे याचे कित्येकांस नवल वाटेल. पण माझे आजोळ सिंधुदुर्ग जिल्ह्यात, एका खाडीच्या काठी आहे आणि त्या घरात माणसांच्या बरोबरीने एक होडीही नांदते. तिच्या डागडुजीत २०२३ सालच्या मे महिन्यातील माझी तीन आठवड्यांची रजा गेली. त्या तीन आठवड्यांत जे पाहिले व हाताने केले, त्यातील काही गोष्टी होडी नसलेल्या घरातही उपयोगी पडतील असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही होडी मूळची कोकणातील नव्हे. आजोबांनी ती १९७४ साली मुंबईच्या दारूखान्यातून आणली. जुनी जहाजे मोडून त्यांचे सामान विकण्याचा धंदा तेथे चालत असे. कोण्या एका जहाजावरची कामाची ही लहान होडी त्यांना तेथे मोडीच्या भावात मिळाली. लांबी चौदा फूट, फळ्या सागवानी, जाडी पाऊण इंच. आमच्या बाजूच्या लाकडी होड्या बहुधा लोखंडी खिळ्यांनी जोडलेल्या असतात. हिच्या फळ्या मात्र आतल्या बरगड्यांना पितळी स्क्रूंनी आवळलेल्या. प्रत्येक स्क्रूचे डोके फळीत पाव इंच खोल बुडविलेले आणि त्यावर लाकडाचे गोल बूच बसविलेले, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्यास धातूचा मागमूस लागत नसे. लहानपणी सुटीत आम्ही मुले त्या बुचांना ‘होडीच्या टिकल्या’ म्हणत असू.

खाडीच्या पलीकडच्या काठावर मामांची नारळीची वाडी आहे. शाळाही त्याच काठावर. रस्त्याने गेल्यास पुलाचा मोठा वळसा पडतो. होडीने दहा मिनिटांत पलीकडे. मामांची नात तेव्हा सातवीतून आठवीत जाणार होती आणि शाळा सुरू झाल्यावर प्रथमच, आजोबांना बरोबर न घेता, आपल्या धाकट्या भावास बसवून ती होडी वल्हवीत नेणार होती. याच वर्षी होडीच्या टिकल्या सुटू लागल्या. उजव्या अंगाला, पाण्याखाली राहणाऱ्या भागातली पाच-सहा बुचे पडून गेली होती. त्या जागी हिरवट डाग उतरले होते आणि एका फळीची कड शेजारच्या फळीपेक्षा रुपयाच्या नाण्याएवढी वर आली होती.

होडी काठावर ओढून आडवी केल्यावर गावातले जुने मेस्त्री काठी टेकीत आले. त्यांनी बोटाने फळी वाजवून पाहिली, आरीच्या टोकाने दोन-तीन ठिकाणी टोचून पाहिले आणि म्हणाले, “फळी बरी असा. धरणारा मेला.” लाकूड धड आहे, लाकडाला धरून ठेवणारा धातू संपला आहे, असा त्याचा अर्थ.

मामांपुढे तीन वाटा होत्या. पहिली वाट सोपी व स्वस्त: जुने स्क्रू होते तेथेच राहू द्यावेत आणि त्यांच्या शेजारी नवे ठोकावेत, किंवा सैल झालेले काढून जाड स्क्रू घालावेत. दोन दिवसांचे काम. दुसरी वाट मामेभावाने पुण्याहून सुचविली: ही होडी मोडून फायबरची नवी घ्यावी, पैसे तो पाठवील. या सूचनेत काही वावगे नव्हते; आज कोकणच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या पुष्कळ दिसतात आणि त्यांची निगा कमी करावी लागते. तिसरी वाट मेस्त्रींची: पाण्याखालचा प्रत्येक स्क्रू काढावयाचा, प्रत्येक भोक धड लाकडापर्यंत साफ करावयाचे, ते लाकडाने भरावयाचे आणि मग नवा स्क्रू घालावयाचा. मोजले तेव्हा असे स्क्रू १८४ भरले. मृग तीन आठवड्यांवर येऊन ठेपला होता.

पहिल्या वाटेतील दोष मेस्त्रींनी मामांना समजावून सांगितला तो असा. स्क्रू धरतो तो आट्यांच्या जोरावर, आणि आटे धरतात ते भोकाच्या भिंतीला. भिंतच भुसभुशीत झाली असेल तर जाड स्क्रू दोन-चार वेढे घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि पुढे तोही गरगर फिरतो. शिवाय बरगडीची रुंदी जेमतेम सव्वा इंच. तीत जाड स्क्रू पाचरीसारखा शिरून ती उभी चिरते. आणि जुन्याशेजारी नवे भोक पाडावे तर टपालाच्या तिकिटाला जशी छिद्रांची रांग असते तशी ती बरगडीत तयार होते. तिकीट त्या रांगेवरच फाटते. मामांनी हे ऐकून घेतले. ते भावनेच्या आहारी जाणारे गृहस्थ नव्हेत. फायबरच्या होडीचा भाव त्यांनी विचारून ठेवला होता. परंतु नवी होडी पावसाळ्यापूर्वी मिळणार नव्हती आणि जुनीत मुलांना बसवावयाचे तर अर्धवट काम त्यांना नको होते. “पोर एकटी जाणार आहे,” एवढेच ते म्हणाले, आणि तिसरी वाट ठरली.

पहिला स्क्रू निघाला तो माझ्या हातात आला. तो पिवळा असावयास हवा होता; तो गुलाबी होता. नखाने खरवडताच त्याची पूड निघाली. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. पितळ खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे राहिले की त्यातील जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे राहतो तो तांब्याचा सच्छिद्र सांगाडा. आकार तोच, डोके तेच, आटेही तेच. बळ मात्र गेलेले. वरून तपासणाऱ्यास तो स्क्रू ठणठणीत वाटतो आणि पेचकस लावून पीळ देताच खडूसारखा मोडतो. म्हणूनच घरातील बिजागरीस पितळी स्क्रू उत्तम, पण समुद्राच्या पाण्याखाली त्यावर विसंबून राहू नये.

याहून वाईट प्रकार घडतो तो दोन निरनिराळे धातू एकाच खाऱ्या ओलाव्यात शेजारी आले म्हणजे. त्यांच्यामध्ये विजेचा अत्यंत सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि दोहोंपैकी एक धातू झिजू लागतो. आसपासचे लाकूडही मऊ पडते. हे जगास मोठी किंमत देऊन कळले आहे. १७६१ साली इंग्रजांनी ‘अलार्म’ या आपल्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा बसविला. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून तळ वाचावा हा हेतू. दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा जेथे तांबे लोखंडी खिळ्यांना भिडले होते तेथे लोखंड खाऊन गेलेले आढळले. आणि जेथे पत्र्याखालचा जाड तपकिरी कागद योगायोगाने मधे टिकून राहिला होता, तेथील खिळे शाबूत होते. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने या दोषाचाच गुण करून दाखविला: तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडावा म्हणजे तो स्वतः झिजतो आणि तांब्याला वाचवितो. आजही पोलादी जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात ते याच तत्त्वावर. आमच्या होडीत कोणी तरी मधल्या काळात चार-पाच लोखंडी स्क्रू पितळी स्क्रूंच्या शेजारी बसविले होते. ते काढले तेव्हा त्यांच्या भोवतालचे लाकूड काळे पडून बोटाने चुरत होते.

मनात सहज विचार आला, की धातूच नको असे म्हणून नावा बांधणारेही आपल्याकडे होतेच. हिंदी महासागराच्या काठी शतकानुशतके फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून जहाजे बांधली जात. ती विद्या पुन्हा जागी करण्यासाठी अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील एका चित्राच्या आधारे गोव्यात एक शिवलेले जहाज बांधण्यात आले. केरळातील कारागिरांनी ते सिद्ध केले आणि ‘कौंडिण्य’ या नावाने २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते भारतीय नौदलात दाखल झाले. त्याच्या फळ्यांना खिळा नाही. दोरी झिजली की उसवावयाची आणि पुन्हा शिवावयाची, असा त्या जुन्या नावाड्यांचा शिरस्ता होता. जोड कायमचा नसतो, तो पुन्हा पुन्हा करावयाचा असतो, हे त्यांनी मुळातच धरून ठेवले होते. स्क्रू वापरणाऱ्यास मात्र त्याचा सहज विसर पडतो, कारण स्क्रू दिसावयास कायमचा दिसतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम होडीला दोन्ही बाजूंनी टेकू दिले. टेकू सारखे नसतील तर होडी आपल्याच वजनाने वाकते आणि वाकलेल्या स्थितीत नवे स्क्रू आवळले की तो बाक तिच्यात कायमचा राहतो. मग नियम असा की सगळे स्क्रू एकदम काढावयाचे नाहीत. एक काढावा, शेजारचा राहू द्यावा. पहिल्या जागी नवा बसला की मग दुसऱ्याला हात लावावा. मेस्त्री म्हणाले की भिंत दुरुस्त करणारा गवंडी जसा सगळ्या विटा एकदम काढीत नाही तसेच हे.

बूच काढावयाचे ते मधोमध लहान भोक पाडून, पटाशीच्या टोकाने तुकडे करून. कडेला पटाशी घालून उचकटावयाचे नाही, कारण त्याने फळीची कड दुखावते. खाली स्क्रूचे डोके दिसू लागले की त्याची खाच साफ करावयाची. माझ्या वाट्यास हेच काम आले. करवतीच्या जुन्या पात्याचे टोक घासून केलेल्या आकड्याने खाचेतील रंग, लांबी व मीठ खरवडून काढावयाचे. हे काम कंटाळवाणे खरे, पण पुढचे सर्व यश यावर अवलंबून असते. खाच स्वच्छ नसेल तर पेचकस वर सरकतो आणि खाचेचे काठ चेपून टाकतो. त्यानंतर त्या स्क्रूला धरावयास काही उरत नाही. पेचकसही खाचेच्या लांबी-रुंदीला नेमका बसणारा हवा. मेस्त्रींनी दोन पेचकस कानशीने घासून या होडीपुरते बनविले.

पेचकस लावल्यावर लगेच उलटा पीळ देऊ नये. आधी त्याच्या माथ्यावर हातोडीने एक-दोन हलके ठोके द्यावेत, म्हणजे गंजाची वा रंगाची पकड सुटते. मग स्क्रू आवळावयाच्या दिशेने किंचित फिरवावा, आणि तो जरा हलला की मागे आणावा. अंगाचा भार पुढे, पीळ सावकाश. तरीही हलला नाही तर डाख देण्याची तापलेली सळई डोक्यावर मिनिटभर टेकवून ठेवावी. धातू उष्णतेने प्रसरण पावतो, थंड होताना आक्रसतो आणि लाकडाशी जडलेला त्याचा संबंध सुटतो. १८४ पैकी १४३ स्क्रू या साध्या उपायांनी निघाले. उरलेल्या ४१ स्क्रूंची डोकी मोडली आणि दांडे आतच राहिले.

मोडलेला दांडा काढणे ही खरी परीक्षा. पोलादी बर्म्याने त्यास मधोमध भोक पाडावे असे पहिल्यांदा सुचते. परंतु बर्मा धातूवर टिकत नाही. शेजारच्या मऊ लाकडात घसरतो आणि भोक वाकडे होते. मोडके स्क्रू काढण्यासाठी उलट्या आट्यांचे निमुळते हत्यार बाजारात मिळते. ते यंत्राच्या पोलादी स्क्रूला ठीक, पण कुजलेल्या पितळात ते पकडीत नाही. आणि तेच आत मोडले तर कठीण पोलादाचा तो तुकडा काढणे म्हणजे पहिल्यापेक्षा मोठे संकट.

मेस्त्रींचा उपाय निराळा होता. त्यांनी स्क्रूच्या दांड्यावर जेमतेम बसेल एवढ्या पोलादी नळीचा बोटभर तुकडा घेतला आणि त्याच्या तोंडाला कानशीने करवतीसारखे दात पाडले, तेही उलट्या दिशेने फिरविल्यावर कापतील असे. नळीला मधे टोक नसल्यामुळे ती सुरुवातीस घसरू नये म्हणून फळीच्या एका तुकड्यात तेवढेच भोक पाडून तो तुकडा होडीवर दाबून धरावयाचा, आणि त्या भोकातून नळी आत घालून गिरमिटाने उलटी फिरवावयाची. नळी दांड्याला हात लावीत नाही. ती त्याच्या सभोवतालचे लाकूड कापीत जाते. खोल गेली की दांडा लाकडाच्या पातळ वेष्टनासह नळीत अडकून बाहेर येतो. पुष्कळदा तर नळी उलटी फिरताना आतला दांडाही तिच्याबरोबर फिरतो आणि आपसूक सुटून येतो. नळीतून बाहेर पडलेली ती बारीक कांडी मी पुष्कळ वेळ न्याहाळली. तिच्या गाभ्यात मोडका गुलाबी धातू, त्याभोवती काळे लाकूड आणि सर्वांत बाहेर सागाचा ताजा सोनेरी कडा. त्या सोनेरी कड्यापर्यंत पोहोचलो याचाच अर्थ काम नीट झाले.

कारण भोक भरण्याचा पहिला नियम तोच आहे: धड लाकूड लागेपर्यंत कुजके काढलेच पाहिजे, मग त्यामुळे भोक मोठे झाले तरी चालेल. आरीचे टोक टोचून पाहावे. लाकूड टोकाला अडवू लागले की थांबावे. त्याआधी थांबू नये आणि त्यापुढे जाऊ नये. सागाच्या अंगी मूळचेच तेल असल्यामुळे तो पाण्यास दाद देत नाही. मुंबईच्या वाडिया घराण्याने १८१७ साली सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभी आहे. पण तेच तेल सरसाला चिकटू देत नाही. म्हणून खुंटी बसविण्यापूर्वी भोकाची भिंत स्पिरिटने पुसून घ्यावी लागते.

खुंटी कोणत्या लाकडाची? त्याच जातीच्या. आणि कशी कापलेली? येथे एक बारकावा आहे, तो घरातील बिजागरीलाही लागू पडतो. बाजारात मिळणारी गोल काठी तोडून भोकात घातली तर तिचे रेषे स्क्रूच्याच दिशेने उभे राहतात. उभ्या रेषांत शिरलेला स्क्रू फारसा धरत नाही. तो रेषे बाजूला सारून आत जातो व तसाच बाहेर येतो. म्हणून खुंटी फळीच्या आडव्या रेषांतून कापून काढावी आणि भोकात बसविताना तिचे रेषे बरगडीच्या रेषांशी जुळवावेत. मग स्क्रूचे आटे रेषांना आडवे छेदतात आणि घट्ट धरतात. आगपेटीच्या काड्या अल्पायुषी ठरतात त्या यामुळेच: त्यांचे रेषे उभे, लाकूड हलके, आणि मधे पोकळी.

पूर्वी अशा खुंट्या शेंदूर आणि जवसाचे तेल यांच्या लेपात बसवीत. शेंदूर हे शिशाचे संयुग असून विषारी आहे. लहान मुले असलेल्या घरात त्यापासून दूर राहिलेलेच बरे. आम्ही इपॉक्सी हा आजचा सरस वापरला. त्यात सागाचा बारीक भुसा कालविला की तो पोकळी भरून काढतो. एक दिवस वाळू दिल्यावर नव्या स्क्रूसाठी भोक पाडले. तेही दोन मापांचे: फळीत स्क्रूच्या दांड्याएवढे, म्हणजे तो तेथे सहज सरकेल, बरगडीत आट्यांच्या आतील गाभ्याहून किंचित लहान, म्हणजे तो तेथे पकडील. फळीतही आटे रुतले तर फळी बरगडीवर ओढली जात नाही, मधे फट राहते, आणि त्या फटीत पाणी.

नवे स्क्रू मुंबईहून मागविले. तांब्यात सुमारे तीन टक्के सिलिकॉन मिसळून केलेला हा धातू. यात जस्त नगण्य, त्यामुळे खारे पाणी त्यातून काही चोरून नेत नाही. किंमत मात्र पितळेच्या कितीतरी पट. न गंजणारे पोलाद का नको, असे मी विचारले होते. ते उघड्या हवेत उत्तम. पण ओल्या लाकडाच्या आत, जेथे हवा पोहोचत नाही, तेथे त्यावरील संरक्षक पापुद्रा टिकत नाही आणि ते आतल्या आत खाऊन जाते. नवा धातू मऊ, म्हणून मेस्त्री आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू घालून आटे पाडून घेत, तो काढीत आणि मग खरा स्क्रू मेण लावून बसवीत. साबण लावू नये; तो ओलावा धरून ठेवतो.

स्क्रू आवळून झाल्यावर प्रत्येकाची खाच फळीच्या लांबीच्या दिशेने आली पाहिजे, असा मेस्त्रींचा आग्रह होता. सगळ्यावर बूच बसणार, कोणास काही दिसणार नाही. मग ही रांगोळी कशाला, असे मामी हसून म्हणाल्या. मेस्त्री हसले नाहीत. पुढे कोणी बूच काढील तेव्हा खाच कोणत्या दिशेस आहे हे त्यास न शोधता कळावे, म्हणून. बुचाचीही तीच गोष्ट. मी इपॉक्सीची वाटी पुढे केली तेव्हा त्यांनी हातानेच नको म्हटले आणि बूच नुसत्या व्हार्निशमध्ये बुडवून, रेषे जुळवून, हलक्या ठोक्याने बसविले. “फुडच्याक काढूक येतला असाच बसवूक होया, बाय,” ते म्हणाले. पुढच्या माणसास काढता येईल असेच बसविले पाहिजे.

या एका वाक्यात मला त्या कलेचे मर्म सापडले. खुंटी अशी पक्की करावयाची की ती बरगडीशी एकजीव व्हावी, कारण भार तिला सोसावयाचा आहे. बूच मात्र पाणी अडविण्यापुरते घट्ट, कारण ते एक दिवस काढावे लागणार आहे. काय कायमचे करावयाचे आणि काय सोडविता येईल असे ठेवावयाचे, यातील विवेक म्हणजेच दुरुस्ती. जहाजावरच्या ज्या अनाम कारागिराने पहिल्यांदा ही होडी जोडली त्याने बूच व्हार्निशमध्येच बसविले होते. म्हणून तर आम्हांस इतक्या वर्षांनी ते काढता आले. जेथे मधल्या कोणी घाईने लोखंड ठोकले होते, तेथे आम्हांला दुप्पट लाकूड गमवावे लागले. भविष्यातील अनोळखी हातांची आठवण ठेवणारा कारागीर आणि आजचा दिवस ढकलणारा कारागीर, दोघांचेही अक्षर त्या फळ्यांवर आम्हांस वाचावयास मिळाले.

मृगाच्या दोन दिवस आधी होडी पाण्यात लोटली. पहिल्या रात्री तिच्यात वीतभर पाणी आले. उन्हात आक्रसलेल्या फळ्या फुगून एकमेकींस भिडेपर्यंत ते यावयाचेच. दुसऱ्या रात्री चार बोटे आले, तिसऱ्या रात्री तळ नुसता ओलसर होता. शाळा उघडली त्या सकाळी मामा काठावर उभे होते. होडीत बसले मात्र नाहीत. पोर भावाला घेऊन पलीकडे गेली आणि संध्याकाळी परत आली. त्यानंतर तिने आपल्या शाळेच्या वहीत होडीचा नकाशा काढला. प्रत्येक बरगडीस क्रमांक दिला, कोणत्या भोकात खुंटी आहे, कोणते मूळचे आहे, स्क्रू कोणत्या धातूचा व कोणत्या लांबीचा, हे सारे मेस्त्रींना विचारून लिहिले आणि वर तारीख घातली. ती वही आता मामांच्या घरी जमिनीच्या कागदपत्रांबरोबर ठेवलेली असते.

वाचकहो, आपल्या घरी होडी नसेल. पण दार, खाट, झोपाळ्याची कडी, मुलांच्या अभ्यासाचे मेज यांपैकी काही तरी असेलच. पुढच्या वेळी एखादा स्क्रू गरगर फिरू लागला तर काड्या खुपसण्यापूर्वी क्षणभर थांबावे. भोक धड लाकडापर्यंत साफ करावे, त्याच लाकडाची आडव्या रेषांची खुंटी सरसाने बसवावी, ती एक दिवस वाळू द्यावी, बारीक भोक पाडून स्क्रूला मेण लावावे आणि तो सावकाश आवळावा. घरात एखादे दहा-बारा वर्षांचे मूल असेल तर पेचकस त्याच्या हाती द्यावा आणि खाच त्यास साफ करू द्यावी. त्या जोडाची पुढची दुरुस्ती बहुधा त्यालाच करावी लागणार आहे.